पदवी फिलाडेल्फियाची, परवाना कुणाचा?

आनंदीबाई जोशी हे नाव महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. लुगडं नेसून, नवऱ्याला मागे ठेवून अमेरिकेला गेलेली, डॉक्टर होऊन परतलेली आणि वयाची बावीस वर्षंही पुरी न करता गेलेली मुलगी, असं तिचं चित्र आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' या १९६८ सालच्या कादंबरीनं ते घरोघरी नेलं, अंजली कीर्तने यांनी परिश्रमपूर्वक लिहिलेल्या चरित्रानं त्याला भक्कम आधार दिला आणि २०१९ साली ते पडद्यावरही आलं. या चित्राला धक्का लावायचा माझा मुळीच हेतू नाही. मला फक्त त्यातल्या एका शब्दापाशी जरा थांबायचं आहे. तो शब्द म्हणजे 'डॉक्टर'.

माणूस डॉक्टर होतो म्हणजे नेमकं काय होतं? कॉलेज परीक्षा घेतं, पदवी देतं, इथवर ठीक. पण परक्या माणसाच्या नाडीवर हात ठेवण्याची, त्याच्या पोटावर सुरी चालवण्याची मुभा त्याला कोण देतं? आणि पदवी एका देशाची, रोगी दुसऱ्या देशाचा, असा मामला असेल तर ती मुभा द्यायची कुणी? १८८६ साली फिलाडेल्फियाच्या एका कॉलेजनं दिलेला कागद कोल्हापुरात चालला. तो मुंबईत चालला असता का? लंडनमध्ये?

मी विठ्ठलवाडीला राहतो. कल्याण सोडून कर्जतच्या दिशेनं निघालं की पहिलं स्टेशन विठ्ठलवाडी. म्हणजे आनंदीबाईंचं माहेर इथून हाकेच्या अंतरावर. आमच्या या भागातून आज मुलं डॉक्टर व्हायला देशोदेशी जातात, परिचारिका आखाती देशांत नोकरीला जातात, आणि त्यांच्या घरांत पदवीइतकीच चर्चा चालते ती त्या दुसऱ्या कागदाची, नोंदणीची, परवान्याची. त्यामुळे कल्याणच्या या लेकीचं चरित्र मी गेली काही वर्षं या एका बाजूनं वाचत आलो आहे. आणि या बाजूनं वाचलं की ते जरा वेगळं दिसतं.

माहेरचं नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५ चा. वडील गणपतराव जोशी कल्याणचे. घराणं जुनं, पण वैभव ओसरलेलं. १८७४ साली, वयाच्या नवव्या वर्षी यमुनेचं लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी, मूळचे संगमनेरचे, पोस्टात कारकून, बिजवर, वयानं वीसेक वर्षांनी मोठे. बायकोला शिकवू दिलं पाहिजे ही त्यांची लग्नाची अट होती. आजच्या काळातही कौतुक वाटावं अशी ही अट खरी, पण गोपाळरावांचा हट्ट आणि तिरसटपणा हीसुद्धा तितकीच खरी गोष्ट होती. अभ्यासाच्या पायी त्या पोरीनं मारही खाल्ला. यमुनेची आनंदी झाली ती याच घरात. पोस्टातल्या बदल्यांबरोबर हे जोडपं अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज असं फिरत अखेर बंगालमध्ये कलकत्त्याला आणि श्रीरामपूरला पोचलं.

चौदाव्या वर्षाच्या सुमारास आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्यांच्या डॉक्टर होण्याच्या इच्छेचं मूळ चरित्रकार या दुःखात शोधतात. ते बरोबरच आहे. पण त्या दुःखाला लागून एक सामाजिक वास्तव होतं. घरंदाज बाई आजारी पडली तरी पुरुष डॉक्टरसमोर येत नसे. तिची नाडी पाहायची तीही पडद्याआडून, आणि बाळंतपण सुइणीच्या हवाली. दवाखाना गावात असून नसल्यासारखा. अमेरिकेतल्या कॉलेजकडे प्रवेश मागताना आनंदीबाईंनी हेच कारण पुढे केलं: आपल्या देशातल्या स्त्रिया पुरुषाच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी आपल्याला हे शिकायचं आहे. म्हणजे डॉक्टर होण्याच्या आधीच त्यांचा रोगी ठरलेला होता. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचं काम पडणार आहे.

अमेरिकेचा धागा जुळला तो विलक्षण योगायोगानं. १८७८ साली गोपाळरावांनी कोल्हापूरहून एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली. ते पत्र मिशनच्या मासिकात छापून आलं, आणि १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी ते वाचलं, तेही दंतवैद्याकडे नंबर लागण्याची वाट पाहत असताना. त्यांनी आनंदीबाईंना पत्र धाडलं. न पाहिलेल्या या दोन बायकांमध्ये मावशी-भाचीचं नातं जडलं, ते शेवटपर्यंत टिकलं.

हिंदुस्थानातच का नाही शिकत, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात भरसभेत आनंदीबाईंनी त्याचं उत्तर दिलं. मद्रासला स्त्रियांना घेणारं कॉलेज आहे, इलाख्यांतून सुइणींचे वर्ग आहेत, पण तिथलं शिक्षण अपुरं आहे आणि शिकवणाऱ्यांची मनं मोकळी नाहीत, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता. ख्रिस्ती वा ब्राह्मो नसलेल्या बाईनं एकटीनं रस्त्यावरून शिकायला जाणं म्हणजे टिंगल आणि धोंडे झेलणं, हेही त्यांनी सांगितलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, ही ग्वाही त्यांनी त्याच सभेत दिली. त्यांचं वय तेव्हा सतरा.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. सोबतीला मिशनच्या बायका होत्या, नवरा नव्हता. ४ जूनला न्यूयॉर्क. ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शिक्षण सुरू झालं. हे कॉलेज १८५० साली खास स्त्रियांसाठी निघालं होतं आणि त्याचा स्वतःचा इतिहासही सरळ नव्हता. १८५८ साली फिलाडेल्फियाच्या वैद्यक मंडळानं ठराव करून या कॉलेजच्या पदवीधर स्त्रियांशी आणि शिक्षकांशी सल्लामसलत करायला आपल्या सभासदांना बंदी घातली होती. १८६९ साली इथल्या मुली एका इस्पितळात रोगी पाहायला गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली. पदवी कायदेशीर होती, पण व्यवसायातली मंडळी तिला जुमानत नव्हती. कागद हातात असूनही दार बंद, हा अनुभव अमेरिकेतल्या अमेरिकन बायकांनाही नवा नव्हता.

तीन वर्षं आनंदीबाई त्या थंडीत राहिल्या. मांसाहार नाही, पेहराव देशी, तब्येत तोळामासा. छातीचं दुखणं तिथेच जडलं. ऑक्टोबर १८८५ मध्ये कॉलेजात काढलेलं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: मधे-बाजूला बसलेल्या तीन परदेशी विद्यार्थिनी, हिंदुस्थानची आनंदी जोशी, जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबुली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. तिघींना परत आपापल्या देशी जायचं होतं, आणि तिथे आपल्याला कोण स्वीकारणार हे तिघींपैकी एकीलाही नक्की माहीत नसणार.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. परदेशात राहून, परक्या परीक्षकांसमोर, आपल्याकडच्या बाळंतिणीबद्दल लिहायचं त्यांनी ठरवलं, यातच त्यांच्या सगळ्या धडपडीचा रोख कळतो.

आता त्या कागदाच्या किमतीकडे येऊ.

तो कागद घेऊन आनंदीबाई त्या वसंतात लंडनला उतरल्या असत्या, तर त्यांचं नाव तिथल्या डॉक्टरांच्या नोंदवहीत लागलं नसतं. ब्रिटनमध्ये १८५८ साली वैद्यक कायदा झाला आणि जनरल मेडिकल कौन्सिलची नोंदवही सुरू झाली. नोंद हवी तर पदवी किंवा परवाना ब्रिटिश बेटांमधल्या संस्थेचा हवा. गंमत अशी की या नोंदवहीत नाव लागलेली पहिली स्त्री परदेशी पदवीचीच होती. एलिझाबेथ ब्लॅकवेल जन्मानं इंग्लिश, पण डॉक्टर झाल्या १८४९ साली अमेरिकेत. कायद्यापूर्वीच ब्रिटनमध्ये व्यवसाय केलेल्या परदेशी पदवीधरांना एक सवलत होती, त्या फटीतून त्यांचं नाव १८५९ साली आत गेलं. ती फट पुढच्यांसाठी बुजली. मग देशातल्या देशात शिकावं, तर विद्यापीठं बायकांना घेत नव्हती. परदेशी शिकावं, तर नोंद नाही. नियमात स्त्री हा शब्द कुठेही न लिहिता स्त्रियांना बाहेर ठेवण्याची ही पद्धत होती.

या कोंडीतून गेलेली एक बाई पुढे मुंबईला आली, म्हणून तिची हकीगत सांगायला हवी. एडिथ पीची. १८६९ साली एडिंबरो विद्यापीठात वैद्यक शिकायला शिरलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. रसायनशास्त्रात तिनं पहिल्या प्रतीचे गुण मिळवले, पण त्यांवर मिळायची ती शिष्यवृत्ती तिला नाकारली गेली. परीक्षेच्या इमारतीपुढे दंगल झाली. अखेर पदवी द्यायला विद्यापीठ बांधील नाही असा निकाल न्यायालयानं दिला. पीची स्वित्झर्लंडला गेली आणि १८७७ साली बर्नची एम.डी. घेऊन आली. आपल्याच देशात ती परदेशी शिकलेली डॉक्टर ठरली. आदल्या वर्षी, १८७६ साली, परवाना देणाऱ्या संस्थांना स्त्रियांची परीक्षा घेण्याची मोकळीक देणारा कायदा झाला होता. सक्ती नव्हती, नुसती मोकळीक. तिचा उपयोग प्रथम केला डब्लिनच्या वैद्यक महाविद्यालयानं. पीचीनं डब्लिनला परीक्षा दिली, परवाना मिळवला, नोंदवहीत नाव लावलं. आणि १८८३ च्या डिसेंबरात ती मुंबईत दाखल झाली, कामा हॉस्पिटलची सूत्रं हाती घ्यायला. ज्या वर्षी आमच्या कल्याणची मुलगी डॉक्टरकी शिकायला पश्चिमेला गेली, त्याच वर्षी पश्चिमेची ही डॉक्टरीण आमच्याकडे आली.

मुंबई इलाख्यात मात्र अजून नोंदवहीच नव्हती. कुणी व्यवसाय करावा, कुणी करू नये, याचा कायदाच नव्हता. वैद्य, हकीम, ग्रँट मेडिकल कॉलेजचे पदवीधर, लष्करातले गोरे सर्जन, सगळे आपापल्या जागी. फक्त सरकारी नोकरी हवी तर सरकारला मान्य असलेली पदवी लागे, आणि वरच्या जागा ब्रिटिश पदवीवाल्यांच्या. आनंदीबाईंनी मुंबईत घरावर पाटी लावली असती तर त्यांना अडवणारं कुणी नव्हतं. संस्थानांत तर दरबार म्हणेल ती पूर्व दिशा.

म्हणून कोल्हापूरचं पत्र महत्त्वाचं. आनंदीबाई अमेरिकेत असतानाच कोल्हापूर दरबारानं त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागाच्या प्रमुखपदी नेमलं. शाहू महाराज तेव्हा अल्पवयीन होते, कारभार दिवाण आणि मंडळ पाहत होतं. आजचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, कोल्हापूरकरांचं सीपीआर, ते हेच. एका संस्थानानं एका अमेरिकन पदवीवर विश्वास टाकला आणि आपल्या बायकांसाठी आपल्यातली डॉक्टर बोलावली. कसली फेरपरीक्षा नाही, समकक्षतेचा दाखला नाही. नेमणुकीचं पत्र हाच परवाना.

ऑक्टोबर १८८६ मध्ये गोपाळरावांसह त्या न्यूयॉर्कहून निघाल्या आणि १६ नोव्हेंबरला मुंबईच्या धक्क्यावर उतरल्या. स्वागत मोठं झालं. पण क्षयानं शरीर पोखरलं होतं. कोल्हापूरला रुजू होणं झालंच नाही. पुण्यात वैद्यांचे उपचार चालले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांनी प्राण सोडला. बावीस पुरी व्हायला महिनाभर अवधी होता. अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावच्या दफनभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत, त्यांचं स्मारक उभं राहिलं.

म्हणजे पदवी होती, नेमणूक होती, आडवा येणारा कायदा नव्हता. नव्हतं ते आयुष्य. आनंदीबाईंनी स्वतंत्रपणे आपल्या देशातला एक रोगी बरा केल्याची नोंद नाही. काही लोक यावरून त्यांचं महत्त्व कमी करू पाहतात. मला तसं वाटत नाही. त्या गेल्या, पण तो मार्ग चालण्याजोगा आहे हे दिसून आलं, आणि मागून येणारीनं त्यातून काय शिकायचं ते शिकून घेतलं.

ही मागून येणारी म्हणजे रखमाबाई. आनंदीबाईंपेक्षा चारच महिन्यांनी मोठ्या. लहानपणी लावलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जायला त्यांनी नकार दिला, तो खटला १८८४ ते १८८८ गाजला, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा इथवर प्रकरण आलं आणि अखेर तडजोडीनं मिटलं. पीचीबाई त्यांच्या पाठीशी उभ्या होत्या. १८८९ साली रखमाबाई निघाल्या त्या अमेरिकेला नव्हे, लंडनला, स्त्रियांच्या वैद्यक शाळेत. आणि शिक्षणानंतर त्यांनी स्कॉटलंडच्या वैद्यक आणि शल्यक संस्थांचा संयुक्त परवाना घेतला. आदल्याच वर्षी कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुलींनीही हाच परवाना मिळवला होता. नोंदवहीत बसणारा कागद. तो असला की मुंबईपासून कराचीपर्यंत कुठल्याही सरकारी दवाखान्यात कुणी प्रश्न विचारत नसे. १८९५ पासून रखमाबाईंनी सुरतेत स्त्रियांच्या रुग्णालयात आणि पुढे राजकोटला तीस-पस्तीस वर्षं काम केलं. १९५५ साली, नव्वदी उलटून, त्या गेल्या. आनंदीबाईंनी स्वप्न दाखवलं, रखमाबाईंनी ते कागदपत्रांसह पुरं केलं, असं म्हणायला हरकत नाही.

पण पक्का कागद असला की सगळं सुरळीत होतं, असंही नाही. छायाचित्रातली जपानची ओकामी देशी परतली, तिला काम मिळालं, टोकियोच्या रुग्णालयात ती स्त्री-विभाग पाहू लागली. सम्राट त्या रुग्णालयाला भेट देणार होते, तेव्हा स्त्री डॉक्टर समोर नको असा संकेत आला, आणि तिनं ती जागा सोडली. परवाना दिला कायद्यानं. मान कुणी द्यायचा हे कायदा सांगत नाही.

आपल्याकडे कायदा आला तो १९१२ साली. मुंबई वैद्यक कायदा हा देशातला या प्रकारचा पहिला. त्यानं नोंदवही आणि कौन्सिल दिलं. लुबाडणाऱ्या भोंदूंपासून रोग्याला वाचवायचं तर अशी वही हवीच. रोगी काही स्वतः डॉक्टरची परीक्षा घेऊ शकत नाही. पण वहीची किल्ली कुणाच्या हाती, हा प्रश्न उरतोच. १८८६ साली, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीच्याच वर्षी, ब्रिटनमध्ये नवा वैद्यक कायदा झाला आणि नोंदणीसाठी औषध, शस्त्रक्रिया आणि प्रसूतिशास्त्र या तिन्ही विषयांत उत्तीर्ण होणं सक्तीचं झालं. पुढे याच प्रसूतिशास्त्राच्या मुद्द्यावर लंडनच्या कौन्सिलनं हिंदुस्थानी पदव्यांची उलटतपासणी सुरू केली. इथल्या विद्यार्थ्यांना बाळंतपणाचा पुरेसा अनुभव मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. १९३० साली त्यांनी आपल्या पदव्यांची मान्यताच काढून घेतली.

यात अपमान होता, राजकारणही होतं. पण मूळ तक्रार सपशेल खोटी होती का? बाळंतपणं दवाखान्यात येतच नव्हती तर विद्यार्थ्यांनी शिकायचं कुठे? आणि दवाखान्यात येत नव्हती ती का, याचं उत्तर आनंदीबाईंनी पन्नास वर्षं आधी फिलाडेल्फियाला लिहून पाठवलं होतं. हा पेच सोडवायचा तर स्त्री डॉक्टर वाढायला हव्या होत्या. त्याऐवजी दोन कौन्सिलांमध्ये पत्रव्यवहार झडला, १९३३ साली आपली भारतीय वैद्यक परिषद जन्माला आली, १९३६ साली मान्यता परत मिळाली. १९७५ साली ब्रिटननं ती पुन्हा काढली आणि आपल्या डॉक्टरांसाठी परीक्षा ठेवली. तीच आजची प्लॅब. अमेरिकेनं १९५६ पासूनच परदेशी पदवीधरांची छाननी करणारी स्वतंत्र संस्था उभी केली होती. तिथे आजही आधी परीक्षा, मग पुन्हा रुग्णालयातली उमेदवारी, मग त्या त्या राज्याचा परवाना. आपल्या इथे वीस वर्षं रोगी तपासलेला माणूस तिथे पहिल्या पायरीवर उभा राहतो.

आणि आता आपणही तेच करतो. २००२ पासून परदेशात वैद्यक शिकून आलेल्या भारतीयाला छाननी परीक्षा द्यावी लागते. वर्षातून दोनदा, तीनशे प्रश्न, दीडशे गुण हवेत. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत पदवी आणि वर पदव्युत्तर शिक्षण पुरं करून तिथे डॉक्टर म्हणून नोंद मिळवलेल्यांना सूट. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, फिलिपीन्सवाल्यांना नाही. कित्येक सत्रांत पाचांपैकी जेमतेम एक जण उत्तीर्ण होतो. २०२१ सालच्या नियमांनी आणखी अटी आल्या: किमान चौपन्न महिन्यांचं शिक्षण, तेही इंग्रजीतून, तिकडे वर्षभर इंटर्नशिप आणि इकडे आल्यावर पुन्हा वर्षभर. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि हजारो मुलं अर्धवट शिक्षण घेऊन परतली, तेव्हा या कुंपणाची उंची साऱ्या देशाला कळली.

आमच्या बाजूच्या इमारतीत अशी एक मुलगी आहे. सहा वर्षं रशियात शिकली. बर्फातले फोटो, पदवीदान, सगळं झालं. वडिलांनी गावाकडचा जमिनीचा तुकडा विकला होता. तिच्या नावाची पितळी पाटी त्यांनी कधीच करून आणली आहे, पण ती वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवलेली. परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात गेली. सोसायटीतल्या बायका तिला डॉक्टर म्हणतात, आणि तिला ते ऐकवत नाही. रात्री-अपरात्री कुणाच्या मुलाला फणफणून ताप आला की लोक तिच्याच दारावर थाप मारतात. ती ताप मोजते, पाणी पाजत राहा सांगते, आणि औषधाचं नाव न घेता रिक्षा करून दवाखान्यात न्यायला लावते. कायदा ती पाळते. तिच्या हातावर किती विसंबावं हे शेजाऱ्यांनी केव्हाच ठरवून टाकलं आहे; सरकारनं अजून ठरवलेलं नाही.

यात सरकार चुकलं आणि मुलगी बरोबर, असा सोपा निकाल देता येणार नाही. परदेशातल्या काही कॉलेजांत सहा वर्षांत रोग्याला हातही लावू देत नाहीत, भाषेची अडचण असते, दलाल खोटी स्वप्नं विकतात. अशा कॉलेजातून आलेल्याच्या हाती आपण आपली सून बाळंतपणाला देऊ का? नाही देणार. तेव्हा परीक्षा हवी. प्रश्न एवढाच की ती कशाची घ्यायची. तीनशे प्रश्नांच्या उत्तरांवर टिचक्या मारून आडवं आलेलं मूल सोडवता येतं का, हे कळत नाही. आणि मुलगी विमानात बसण्यापूर्वी, ते कॉलेज इथल्या नियमात बसतं की नाही हे तिच्या बापाला साध्या मराठीत सांगणारी व्यवस्था का नसावी? सहा वर्षं आणि जमीन गेल्यावर ते कळून काय उपयोग?

परवान्याचा कुठलाही नियम जोखायचा असेल तर मला आनंदीबाईंचाच निकष सर्वांत सरळ वाटतो. त्यांच्या डोळ्यांपुढे एक रोगी होती: दार लावून घेतलेली, कण्हणारी, परक्या पुरुषाला हात लावू न देणारी. नियमामुळे तिच्या उशाशी भरवशाचा माणूस लवकर पोचतो की उशिरा, एवढंच पाहायचं. एडिंबरोच्या नियमानं तो पोचू दिला नाही. डब्लिनच्या परवान्यानं पीची मुंबईला पोचली. कोल्हापूरच्या पत्रानं दार सताड उघडलं, पण त्याच्या जोडीला तपासणी नव्हती; त्या वेळी समोर आनंदीबाई होत्या म्हणून निभावलं असतं, दुसरं कुणी भलतंच असतं तर? १९१२ च्या वहीनं भोंदूला अडवायचं ठरवलं, ते योग्यच केलं. आजच्या परीक्षेलाही हाच प्रश्न विचारावा, आणि कौन्सिलातल्या मंडळींनी तो स्वतःला विचारावा.

खेड्यापाड्यांतल्या आरोग्य केंद्रांत डॉक्टरांच्या जागा रिकाम्या राहतात, ही ओरड आपण दरवर्षी ऐकतो. इकडे शिकलेली मुलं अभ्यासिकेत बसून प्रश्नसंच सोडवत असतात. या दोहोंच्या मध्ये एक वाट काढता येईल: परीक्षेत थोडक्यात हुकलेल्यांना देखरेखीखाली रुग्णालयात काम, त्या कामाचं मूल्यमापन, आणि मग पुरी नोंदणी. ब्रिटन-अमेरिकेत परक्याला अखेर रोग्याच्या खाटेशीच तपासतात. आपण आपल्याच लेकरांना तेवढी संधी द्यायला काय हरकत आहे?

कोल्हापुरातली ती जागा आनंदीबाईंची वाट पाहत राहिली. त्या वॉर्डात त्या दिवशी कुणी बाई दाखल झाली असेल का, अमेरिकेहून आपल्यातली डॉक्टरीण येणार म्हणून थांबली असेल का, हे कुठल्याही चरित्रात लिहिलेलं नाही. पण मला वाचताना नेहमी तीच दिसते.